मी, बिरप्पाचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. दचकू नका. माझ्यात कधी वाघ नव्हता आणि पोपटही नव्हता. माझ्यात माणसं उभी राहायची. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला कोर्टात जिथं उभं करतात, तो लाकडी कठड्याचा चौकोन म्हणजे मी. सिनेमात तुम्ही मला पाहिलं असेल. पण सिनेमातला पिंजरा बहुतेक प्लायवूडचा असतो, हे आधीच सांगून ठेवतो. मी अस्सल सागवानी आहे आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. म्हातारपणी मिरवायला दुसरं उरतं तरी काय?

सोलापुरात शुक्रवार पेठेत मल्लिनाथ नावाचे एक सुतार होते. त्यांच्या हातानं मी घडलो. त्यांच्याकडे सागाचा एक भला मोठा ओंडका आला होता. अर्ध्या ओंडक्याचा त्यांनी त्याच गल्लीतल्या एका घरासाठी देव्हारा केला आणि उरलेल्या अर्ध्याचा मी झालो. म्हणजे तो देव्हारा माझा सख्खा भाऊ. त्याला नक्षी मिळाली, कळस मिळाला. मला मिळाले उभे गज, वरून एक रुंद आडवी पट्टी, मागं एक छोटं दार आणि दाराला लोखंडी कडी. देव्हारा पुरा झाला तेव्हा मल्लिनाथ सुतारांनी त्याला हात जोडले. मी पुरा झालो तेव्हा त्यांनी कडी दोनदा लावून पाहिली, हात पुसले आणि म्हणाले, "बाबा रे, तुझ्यात कुणावर उभं राहायची पाळी येऊ नये."

पाळी यायची राहिली नाही. ज्या कोर्टात मला नेलं तिथं मी पहिल्याच दिवशी कामाला लागलो.

सुरुवातीची वर्षं माझा मोठा थाट होता. शिपाई दर सोमवारी मला तेलाचं फडकं फिरवायचा. एकदा एका धिप्पाड आरोपीनं रागानं मला गदागदा हलवलं, तरी माझा एक सांधा ढिला झाला नाही. तेव्हा खुद्द न्यायाधीश साहेब म्हणाले, "काम चोख केलंय हो सुतारानं." त्या कोर्टात माझ्या जागी उभं राहून कुणाचं कौतुक झाल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मला माणसं ओळखू येतात ती हातांवरून. कुणी माझी पट्टी घट्ट आवळून धरायचा, कुणी नखानं खरवडत राहायचा, कुणी चोरून चुना पुसायचा. पण हातावरून गुन्हा ओळखता येतो असं मी कधीच म्हणणार नाही. थरथरणारे हात निर्दोष माणसाचेही असतात. मी लाकूड आहे, मला एवढं कळलं. ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांना ते दर वेळी कळलंच, असं मात्र नाही.

आणि म्हणूनच मला तुम्हाला बिरप्पाची गोष्ट सांगायची आहे.

बिरप्पा धनगर होता. त्याची वाडी कुंभारीच्या पुढं, अक्कलकोटच्या अंगाला. त्या बाजूला घरात कानडी आणि बाजारात मराठी अशी रीत. पण बिरप्पाचा बाजाराशी संबंध कमी. तो, त्याची मेंढरं आणि उघडा माळ, एवढंच त्याचं जग. त्यामुळं त्याची मराठी चार शब्दांपलीकडं जात नसे. अशा माणसाला एके दिवशी खुनाच्या आरोपावरून माझ्यात आणून उभं केलं. त्यानं आत येताना पायातल्या वहाणा बाहेर काढल्या. शिपाई हसला. बिरप्पाला वाटलं असावं, एवढी मोठी माणसं इथं बसतात, म्हणजे हे देवळासारखंच काहीतरी असणार.

प्रकरण असं होतं. मोडनिंबचा कोंडीबा नावाचा एक माणूस कोकरं विकत घ्यायला माळावर आला होता. बिरप्पाच्या मेंढवाड्याजवळच्या घळीत तो सकाळी मरून पडलेला आढळला. डोक्याला मोठी जखम होती, शेजारी दगड होते. अंगावर एक घोंगडं घातलेलं होतं आणि कपाळाला भंडारा लावलेला होता. घोंगडं बिरप्पाचं होतं. आणि पोलीस यायच्या आधीच बिरप्पानं वाडीतल्या एका माणसाबरोबर कोंडीबाच्या घरी एक गाभण मेंढी पाठवून दिली होती.

मारताना कुणी पाहिलं नव्हतं. भांडण झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पुरावा म्हणून जे होतं ते एवढंच, एक घोंगडं आणि एक मेंढी.

बिरप्पाला सरकारतर्फे वकील मिळाला तो खटला सुरू झाला त्याच दिवशी सकाळी. त्या वकिलांना दुसऱ्या कोर्टातही काम होतं. ते बिरप्पाशी जेवढं बोलले त्याहून जास्त तर चहावाल्याशी बोलले असतील. कानडी समजून सांगणारा कुणी मागवलाच नाही. मग न्यायाधीशांनी बिरप्पाला विचारायला सुरुवात केली.

"हे घोंगडं तुझं आहे?"

"हौद्री," बिरप्पा हात जोडून म्हणाला. हौद्री म्हणजे होय जी.

"प्रेतावर ते तूच घातलंस?"

"हौद्री."

"मयताच्या घरी मेंढी तूच पाठवलीस?"

"हौद्री."

"तुला आणखी काही सांगायचं आहे?"

हा प्रश्न काही त्याला कळला नाही. पण साहेब आपल्याशी बोलतायत तर मान राखायला हवा, म्हणून त्यानं पुन्हा हात जोडले आणि पुन्हा म्हणाला, "हौद्री."

मी वाट पाहत होतो. एवढे सगळे प्रश्न झाले, आता कुणीतरी पुढचा प्रश्न विचारेल. घोंगडं का घातलंस? मेंढी का पाठवलीस? पण मित्रांनो, तो प्रश्न आलाच नाही. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "ज्याचे हात स्वच्छ आहेत तो माणूस दुसऱ्याच्या घरी मेंढी कशाला पाठवेल? मन खात होतं म्हणून पाठवली." न्यायाधीशांनी मान डोलावली. कोंडीबाची बायको सोजरबाई नवरा गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. तिच्या जागी तिचा दीर साक्षीला आला. घरातल्या बाईला काय विचारायचं, असाच तो काळ होता.

बिरप्पाला जन्मठेप झाली. निकाल वाचून झाला तरी तो तसाच उभा. काय झालं ते त्याला शिपायानं खुणेनं सांगितलं. तेव्हा त्यानं शिपायाला विचारलं, "कुरी यार हत्तर बिडली?" म्हणजे, मेंढरं कुणापाशी सोडू? बाकी काही नाही. एवढंच विचारलं त्यानं.

त्या दिवशी त्याची बायको कोर्टात आली होती आणि तिच्या पदराला धरून एक छोटी मुलगी उभी होती. गोजा तिचं नाव. माणसांच्या गर्दीतून ती कशी कोण जाणे माझ्यापर्यंत आली, गजांतून तिनं हात आत घातला आणि बापाच्या धोतराचा सोगा धरला. शिपायाला तिची मूठ सोडवावी लागली. माझ्या मागच्या दाराची कडी वाजली, बिरप्पाला बाहेर काढलं आणि नेलं. जिथं तो सगळे दिवस अंगठा फिरवत उभा होता, तिथं माझ्या पट्टीवर एक छोटीशी गुळगुळीत खळगी पडली होती. ती अजून आहे. रंधा मारूनही गेली नाही.

पुढं तुरुंगातच तो वारला, असं कुणाच्या तरी बोलण्यात आलं. मी माझ्या कामात होतो. माझ्यात रोज नवा माणूस उभा राहत होता. पण खरं सांगतो, त्यानंतर कडी वाजली की मला ती मूठ आठवायची.

वर्षं गेली. कोर्टाला नवी इमारत झाली, नवं फर्निचर आलं. मला एका अंधाऱ्या खोलीत मोडक्या खुर्च्यांबरोबर टाकलं. तेलाचं फडकं गेलं आणि वाळवीचं भय आलं. मग लिलाव झाला आणि एका भंगारवाल्यानं मला नेलं. त्याच्याकडून एका अंडीवाल्यानं घेतलं. त्यानं माझ्या गजांना जाळी ठोकली आणि आत कोंबड्या ठेवल्या. त्या बिचाऱ्यांनी कुठला गुन्हा केला होता कोण जाणे! निकाल मात्र सगळ्यांचा एकच लागायचा. एके काळी न्यायाधीशांनी नावाजलेला मी, पिसांनी आणि विष्ठेनं भरून रस्त्याकडेला उभा होतो. येणारा जाणारा माझ्याकडं पाहायचा तो अंड्यांचा भाव विचारायला.

तिथंच मला आदिनाथ सरांनी पाहिलं. ते शहरातल्या एका कायद्याच्या कॉलेजात शिकवतात. त्यांनी स्कूटर थांबवली, चष्मा पुसला आणि अंडी न घेता मलाच घेऊन गेले. कॉलेजात त्यांनी मला स्वच्छ करवलं, पॉलिश करवलं आणि मुलांच्या सरावाच्या कोर्टात उभं केलं. आता माझ्यात आरोपी येत नाहीत. आता मुलं येतात, आधी सेल्फी काढतात आणि मग अभ्यासाला लागतात.

सरांची एक पद्धत आहे. दरवर्षी ते मुलांना एखादा जुना खटला शोधायला लावतात. त्या काळी निकाल लागला तो लागला, पण आजच्या कायद्याच्या कसोटीवर तो टिकेल का, हे तपासायचं. एका बाजूनं सरकार, एका बाजूनं आरोपी, सर स्वतः न्यायाधीश. दोन वर्षांपूर्वी उत्कर्षा नावाच्या मुलीनं एक खटला निवडला आणि वर्गात नाव वाचलं. "बिरप्पा."

माझे गज थरथरू शकले असते तर त्या दिवशी थरथरले असते.

उत्कर्षा कागद वाचून थांबणारी नव्हती. ती कुंभारीला गेली, तिथून पुढं वाडीला गेली, आणि तिनं गोजाबाईला शोधून काढलं. आता गोजाबाई सत्तरी ओलांडलेली म्हातारी. उत्कर्षानं तिला सांगितलं, "आजी, तुमच्या वडिलांचा खटला आम्ही परत चालवणार आहोत. तुम्ही साक्षीला याल का?" पुढं हा अभ्यास आहे, हेही तिनं सांगितलं होतं, असं ती म्हणते. सांगितलंही असेल. पण जे ऐकायला माणूस आयुष्यभर कान लावून बसलेलं असतं ते कानावर पडलं की पुढचं ऐकू येत नाही. गोजाबाईनं ऐकलं ते एवढंच की खटला परत चालणार.

तिला तो का हवा होता, हे सांगायला हवं. धनगरांच्या घरात वडीलधारं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटभर आकृती. तो देव्हाऱ्यात बसवतात, म्हणजे गेलेलं माणूस देवांच्या पंगतीत बसलं. बिरप्पाच्या बायकोनं त्याचा टाक करवला होता. पण भावकी म्हणाली, खुन्याचा टाक आमच्या देवात बसणार नाही. त्या माउलीनं तो टाक फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवला आणि मरताना लेकीच्या हातात दिला. लेक परक्या घरची. बापाचा टाक सासरच्या देव्हाऱ्यात कसा बसवणार? तो बसायचा तर बापाच्या भावकीतच. म्हणून ते फडकं तिच्यापाशी तसंच राहिलं. आपल्यामागं ते कुणाच्या हाती द्यायचं, हाच घोर तिला लागलेला होता.

ठरलेल्या दिवशी गोजाबाई आली ती एकटी नाही. तिच्याबरोबर तिचा चुलतभाऊ शहाजी होता. भावकीत आता त्याचाच शब्द चालतो. पांढरा फेटा, कपाळाला भंडारा. दोघांनी दाराशी वहाणा काढल्या. मला एकदम बिरप्पाच परत आत आल्यासारखं वाटलं.

मागच्या बाकावर अजिनाथ नावाचा एक माणूस बसला होता. मोडनिंबचा. मेलेल्या कोंडीबाचा नातू. आजच्या कोर्टात मेलेल्याच्या घरच्यांचंही ऐकून घेतात, म्हणून उत्कर्षानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो टेम्पो चालवतो. आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं, "मॅडम, मला ह्यातलं काय म्हाईत न्हाय. मी जन्माला बी आलो नव्हतो." शहाजी आणि तो एकमेकांकडं बघत नव्हते.

कुणीतरी सुचवलं, एखाद्या मुलाला बिरप्पा म्हणून पिंजऱ्यात उभं करू. उत्कर्षा म्हणाली, "नको. ती जागा रिकामीच राहू दे." मी तिचा तेवढ्यासाठीच ऋणी आहे.

मग ती बोलायला लागली. आरोपीला समजेल अशा भाषेत खटला चालला पाहिजे, हे तर त्या काळच्या कायद्यातही होतं, ते पाळलं गेलं नाही, असं ती म्हणाली. वकिलाला तयारीला वेळ मिळाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जखम पडूनही होऊ शकते, त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. प्रत्यक्ष पाहणारा नसतो तेव्हा पुराव्याची साखळी अशी लागते की दुसरा कुठला अर्थच निघू नये, आणि इथं तर दोनच कड्या, त्याही सुट्या. शेवटी ती म्हणाली, "आणि आरोपीला प्रत्येक गोष्टीचा खुलासा करायची संधी द्यावी लागते. इथं त्याला काय केलंस ते विचारलं. का केलंस ते विचारलंच नाही. मी आज ते त्याच्या मुलीला विचारते."

गोजाबाई साक्षीला उभी राहिली. उत्कर्षा तिच्या जवळ गेली. "आजी, तुमच्या वडिलांनी त्या माणसावर घोंगडं का घातलं?"

"का म्हंजे?" गोजाबाई म्हणाली. "माळावर मानूस उगडं पडलं हुतं. गिदाडं फिरत हुती वर. मेल्यालं मानूस उगडं टाकून जायचं असतंय व्हय?"

"आणि मेंढी का पाठवली?"

"आमची रीतच हाय ती. आपल्या मेंडवाड्याजवळ परका मानूस मेला, तर त्यो आपला पावना हुता. पावन्याला आपन राकलं न्हाय, ह्यो दोष वाड्याच्या धन्याचा. मग त्येच्या घरी गाबन मेंडी धाडायची. घरचा करता मानूस गेला, निदान पोरास्नी दूद तरी मिळंल. आप्पानं त्येच केलं. त्येला वाटलं, सायबास्नी बी ठावं आसंल की." मग ती म्हणाली, "आमची सगळ्यात चांगली मेंडी हुती ती. काळ्या तोंडाची, एक कान पांडरा. म्या रडले हुते ती जाताना."

मला एवढ्या वर्षांनी उत्तर मिळालं होतं, आणि ते इतकं साधं होतं की माझा जीव कळवळला. एका शब्दाचा प्रश्न होता. तो त्या दिवशी कुणी विचारला असता तर!

आदिनाथ सरांनी निकाल वाचला. संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा होता. शिक्षा टिकत नाही. बिरप्पा निर्दोष. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

गोजाबाईनं कनवटीचं फडकं काढलं आणि शहाजीकडं पाहिलं. शहाजी उठला, सरांसमोर गेला आणि अदबीनं म्हणाला, "सायेब, शिक्का मारून कागद द्या की. भावकीला दावाया लागंल."

सरांचा चेहरा पडला. ते खुर्चीवरून उतरून खाली आले. "शिक्का मी देऊ शकत नाही हो. हे खरं कोर्ट नाही. हा मुलांचा अभ्यास आहे."

"म्हंजे ह्यो निकाल खोटा?"

"खोटा नाही. पण त्यानं जुना निकाल बदलत नाही."

गोजाबाई एकदा सरांकडं, एकदा उत्कर्षाकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे माजा आप्पा अजून आतच हाय?"

उत्कर्षा रडायला लागली. "आजी, माझं चुकलं. मी नीट समजावून सांगायला हवं होतं." गोजाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. शहाजी फेटा सारखा करत म्हणाला, "आक्का, माझ्या एकट्याच्या हातात न्हाय गं. शिक्क्याबिगर मी लोकास्नी काय सांगू?" आणि तो वहाणा घालायला दाराकडं वळला. ती फडक्याची गाठ परत मारू लागली. गाठ बसत नव्हती. लाकडाला हात नसतात याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

तेव्हा मागच्या बाकावरून अजिनाथ उठला.

"आजी, मगाशी काय म्हनला तुमी? काळं तोंड आन् एक कान पांडरा?"

"व्हय."

"आमच्यात हाय की ती. म्हंजे तिची पैदास. अजून दोन हायती. तिला आमी बिरीच म्हंतो, बिराची मेंडी. का म्हंतो ते मला आज कळलं." तो बोलत बोलत पुढं आला. "माजी आजी, सोजरबाई, ती मेंडी कुनाला इकू द्यायची न्हाय. म्हनायची, ज्यानं जीव घेतला त्यो मेंडी धाडत न्हाय, मानसानं मानूस ओळकावं. आज्याला फेफरं येत हुतं म्हनं. कुटं बी पडायचा. आजीनं दिराला सांगितलं हुतं तसं. पर त्यो म्हनला, तू घरात बस."

उत्कर्षानं डोळे पुसले. फेफरं! हे त्या कोर्टात कुणाला माहीत नव्हतं, कारण ज्या बाईला माहीत होतं तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पण मित्रांनो, मी पाहत होतो शहाजीकडं. त्याची एक वहाण पायात होती, एक हातात. त्यानं ती खाली ठेवली. "तुमी मेंडी ठिवून घेतली हुती?" त्यानं विचारलं. "माघारी न्हाय लावली?"

"न्हाय. आमी तिचंच दूद पिऊन वाडलो."

शहाजी भिंतीला टेकला. त्यांच्या रीतीत हेच शेवटचं होतं. मेलेल्याच्या घरानं मेंढी परत पाठवली तर दोष राहिला. ठेवून घेतली तर दोष फिटला, मग त्यावर कुठल्या पंचाचा शब्द चालत नाही. म्हणजे भावकीच्या कायद्यानं बिरप्पा तेव्हाच सुटलेला होता. मोडनिंबला जाऊन फक्त विचारायचं होतं. सोलापूर जिल्ह्यातलंच गाव, काही समुद्रापलीकडं नव्हतं. पण सरकारनं खुनी म्हटलं म्हणून भावकीनंही म्हटलं. कोर्टानं जे विचारलं नाही ते भावकीनंही विचारलं नाही.

"आक्का," शहाजी म्हणाला. मग त्यानं डोक्याचा फेटा उतरवला, दोन्ही हातांवर पसरला आणि म्हातारीसमोर धरला. "दे. आप्पाला मी घेऊन जातो. चूक आमची झाली."

गोजाबाईनं टाक बाहेर काढला. पण फेट्यात ठेवला नाही.

"थांब रं," ती म्हणाली. "आदी त्येला हितनं बाहीर येऊ दे."

ती माझ्यापाशी आली. मागून फिरून छोट्या दारानं आत आली आणि बरोबर तिथंच उभी राहिली. पट्टीवरून हात फिरवता फिरवता तिचा अंगठा त्या खळगीत गेला. ती खळगी कुणाची आहे हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं त्यात टाक ठेवला आणि चिमूटभर भंडारा वाहिला. मित्रांनो, त्या क्षणी मला माझा भाऊ आठवला. एकाच ओंडक्याचे आम्ही दोघं. त्याच्या वाट्याला रोज देव आले. माझ्या वाट्याला आयुष्यात एकदाच आला, आणि तोही मीच कधीकाळी कोंडून ठेवलेला.

ती खूप वेळ रडली. आईचं नाव घेऊन रडली. आईला हा दिवस दिसला नव्हता, आणि कुठल्याही निकालानं तो आता दिसणार नव्हता. मग तिनं टाक मुठीत घेतला, लहानपणी धोतराचा सोगा धरला होता तसाच घट्ट, आणि दुसऱ्या हातानं माझ्या दाराला धक्का दिला.

"चला आप्पा, मेंडरं वाट बगत्यात."

या वेळी मूठ सोडवायला कुणी आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गोजाबाई वारली. शहाजीच्या देव्हाऱ्यात बिरप्पाचा टाक बसला आहे, असं उत्कर्षा सांगत होती. कागदावर मात्र तो अजून खुनीच आहे. तो कागद बदलता येईल का, हे ती शोधते आहे. येईल की नाही मला ठाऊक नाही. मी लाकूड आहे.

मुलांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. मला तेल मिळालं काय आणि वाळवी लागली काय, माझं आता फारसं काही जात नाही. निगा राखा ती माणसांची. उद्या तुमच्यातलं कुणी न्यायाधीश होईल, कुणी वकील, कुणी पोलीस, आणि कुणी नुसतंच शेजारी होईल. शेजारीसुद्धा रोज कुणाचा ना कुणाचा निकाल लावतच असतात. तेव्हा कुणालाही माझ्यासारख्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी त्याला एकदा जवळ बसवा, आणि त्याच्या भाषेत त्याला विचारा, का रे बाबा असं केलंस? आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.

हल्ली सराव संपला की मुलं मला पुसून ठेवतात. पण दाराची कडी उत्कर्षा कुणाला लावू देत नाही.